ओक्लाहोमा सिटी: गावात कालवा, ट्राम, स्टेडियम, मग लेकीच्या दारात फुटपाथ का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नाशिकचे, लेकीकडे ओक्लाहोमा सिटीला तीन महिने राहून आलात. गावाच्या मध्यात कालवा, ट्राम, ७० एकरांची बाग, शिवाय बास्केटबॉलसाठी नव्या स्टेडियमची तयारी. लेकीच्या वसाहतीबाहेर मात्र दूध आणायला चालत जायची सोय नाही. एवढा पैसा आला कुठून, तो तिच्या दारापर्यंत का आला नाही, आणि नाशिकला असं काही जमेल का?

मी सिव्हिल इंजिनिअर. बावीस वर्षं याच भागात नव्या वसाहतींचे रस्ते, गटारं आणि पावसाचं पाणी अडवणाऱ्या तळ्यांचे नकाशे करतोय. त्यामुळे तुमच्या लेकीच्या दारातल्या पापात माझाही थोडा वाटा आहे, हे आधीच कबूल करतो.

सुरुवात किराणाच्या पावतीपासून करू. लेक ओक्लाहोमा काउंटीतल्या भागात राहते असं धरतो (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). तिने शंभर डॉलरचा भाजीपाला, पीठ, दूध घेतलं, तर पावतीच्या तळाशी साधारण चार डॉलर बारा सेंट कर दिसेल. २०२४ च्या ऑगस्टअखेर राज्याने किराणावरचा आपला कर काढून टाकला, त्यामुळे उरलेले ४.१२५ टक्के सगळे शहराचे. शर्ट घेतला तर राज्याचे ४.५ धरून ८.६२५ टक्के. शहराच्या त्या चार डॉलर बारा सेंटांपैकी बरोबर एक डॉलर बाजूला पडतो. तो पोलिसांच्या पगाराला जात नाही, कचरा उचलायलाही जात नाही. तुम्ही पाहिलेला कालवा, बाग, ट्राम आणि आत्ताचं स्टेडियम हे सगळं तीस वर्षांत एकामागून एक आलेल्या अशाच डॉलरांवर उभं राहिलं.

या राज्याची एक गंमत आहे. घरपट्टी भरपूर आहे, पण ती शाळांना, काउंटीला आणि कर्जरोख्यांच्या परतफेडीला जाते. महापालिकेच्या रोजच्या खर्चाला ती वापरता येत नाही. पोलीस, अग्निशमन, बागेतलं गवत कापणं, हे सगळं मुख्यतः विक्रीकरावर चालतं. तुमच्या पिढीला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे जकात होती तेव्हा महापालिकेचा जीव नाक्यावर अडकलेला असायचा. इथे तो दुकानाच्या गल्ल्यात अडकलेला आहे. दिवाळीत तिकडे नाक्यावर ट्रकांची रांग मोजायचे, इथे अर्थसंकल्पवाले नाताळच्या खरेदीकडे डोळे लावून बसतात.

आता ही एक टक्क्याची कल्पना कुठून आली ते बघू.

१९८२ च्या जुलैत इथली पेन स्क्वेअर बँक बुडाली. पाठोपाठ तेलाचे भाव कोसळले आणि शहराचं कंबरडंच मोडलं. १९९१ साली युनायटेड एअरलाइन्सला विमानांच्या देखभालीचा मोठा तळ काढायचा होता. ओक्लाहोमा सिटीने त्यासाठी कर लावून सवलतींचं ताट वाढून ठेवलं. तळ गेला इंडियानापोलिसला. कंपनीच्या लोकांना या गावात राहावंसं वाटेना, म्हणून तो गेला असं इथे सांगतात. तेव्हाचे महापौर रॉन नॉरिक यांनी त्यातून एक गोष्ट घेतली: कंपनीला पैसे देऊन बोलावण्यापेक्षा गावच राहण्याजोगं करावं. (पुढे २००३ च्या सुमारास युनायटेडने इंडियानापोलिसचा तळही सोडला. म्हणजे हरलेल्यांनी फार काही गमावलं नव्हतं. पण हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार!)

१४ डिसेंबर १९९३ ला मतदान झालं. योजनेचं नाव मेट्रोपॉलिटन एरिया प्रोजेक्ट्स, बोलीभाषेत मॅप्स. विक्रीकर एक टक्का वाढवायचा, पाच वर्षांपुरता. त्यातून नऊ कामं: बेसबॉलचं मैदान, कालवा, बंदिस्त क्रीडागृह, ग्रंथालय, नदीचं काम, जुन्या नाट्यगृहाची दुरुस्ती वगैरे. एकेका कामावर वेगळं मत नाही. घ्यायची तर नऊच्या नऊ, नाहीतर एकही नाही. ५४ टक्के लोकांनी हो म्हटलं. काही फार दणदणीत विजय नव्हता तो.

लोक या योजनेतल्या कालव्याचे फोटो काढतात, माझ्या मते खरं कौशल्य मात्र त्या मतपत्रिकेत होतं. कामांची नावं आधीच छापलेली. कराला शेवटची तारीख. कर्ज अजिबात नाही. पैसा जमेल तसं काम करायचं. आणि खर्चावर नजर ठेवायला नागरिकांची समिती. नगरसेवक बदलला म्हणून यादी बदलायची नाही.

याचं महत्त्व कळायला त्याआधीचा अनुभव माहीत हवा. १९६४ साली वास्तुविशारद आय. एम. पे यांनी मध्यवस्तीचा भव्य आराखडा दिला होता. त्यापायी शेकडो जुन्या इमारती पाडल्या. बिल्टमोअर नावाचं उंच जुनं हॉटेल १९७७ साली सुरुंग लावून भुईसपाट केलं. त्या बदल्यात येणार होतं ते झगमगीत दुकान-संकुल कधी आलंच नाही. वर्षानुवर्षं गावाच्या मधोमध मोटारी लावायच्या रिकाम्या जागा राहिल्या. पाडणं झालं, बांधणं राहिलं. अशा लोकांकडे पुन्हा पैसे मागायचे तर चित्र दाखवून भागणार नव्हतं, हिशेब दाखवावा लागणार होता.

आणि पहिला हिशेब चुकलाच. मतदानाला दीड वर्षही झालं नव्हतं, तेव्हा १९ एप्रिल १९९५ चा बॉम्बस्फोट झाला. १६८ माणसं गेली. त्या धक्क्यातून सावरत कामं सुरू झाली, पण खर्च अंदाजाबाहेर जायला लागला. १९९८ च्या डिसेंबरात पालिका पुन्हा लोकांकडे गेली: आणखी सहा महिने कर चालू ठेवा, नाहीतर यादी अर्धवट राहील. लोकांनी मुदत दिली. एकूण ६६ महिन्यांत ३० कोटी ९० लाख डॉलरच्या वर कर जमला, आणि पैसा बँकेत असताना त्यावर सुमारे ५ कोटी ४० लाख व्याज मिळालं. मग कर ठरल्याप्रमाणे बंद झाला. माझ्या पाहण्यात या गावच्या लोकांना सगळ्यात जास्त विश्वास कशाने बसला असेल, तर या बंद होण्याने. कर बंद होतो हे आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिलंय?

कालव्याबद्दल थोडं सांगतो, कारण तुम्ही त्यातल्या बोटीत बसला असाल. ब्रिकटाऊन म्हणजे रेल्वेलगतची लाल विटांची गोदामं. त्यांच्यामधून कॅलिफोर्निया ॲव्हेन्यू नावाचा रस्ता जात होता. तो रस्ताच उकरून १९९९ साली तिथे कालवा केला, पाण्याची पातळी रस्त्याच्या एक मजला खाली ठेवली. त्यामुळे गोदामांची तळघरं, जिथे पूर्वी पोती आणि खोकी पडलेली असत, ती एकदम पाण्याकडे तोंड करून उघडी पडली. पुढच्या खेपेला बोटीतून भिंतींकडे नीट बघा. खालच्या मजल्याची दारं नंतर कापून काढलेली आहेत, विटांची रांग तिथे तुटते. एका इमारतीला दोन दर्शनी बाजू मिळाल्या, वरची रस्त्यावर, खालची पाण्यावर. भाड्याने द्यायची जागाच जवळपास दुप्पट झाली. मालकांना कोणी अनुदान दिलं नाही, तरी ते खिशातले पैसे घालून दुरुस्ती करतील, असा तो डाव होता.

नदीची कथा आणखी मजेशीर. नॉर्थ कॅनेडियन नदी पुरामुळे त्रास देते म्हणून सरकारी इंजिनिअरांनी ती सरळ करून ठेवली होती. उरला मोठा कोरडा चर. वर्षातून काही वेळा पालिकेची माणसं नदीत उतरून गवत कापत, हे जुने लोक हसत हसत सांगतात. मॅप्समधून तीन बुटके बंधारे घातले, सात मैलांत पाणी उभं राहिलं, आणि त्या तुकड्याचं २००४ मध्ये ओक्लाहोमा रिव्हर असं बारसंही केलं. आता तिथे होड्यांच्या शर्यती होतात. गोदावरीकाठच्या माणसाला बंधाऱ्यात अडवलेलं पाणी म्हणजे नदी म्हणायला जड जाईल, मलाही जातं. पण चरापेक्षा बरं.

पुढे २००१ मध्ये त्याच पद्धतीने शाळांसाठी मतदान झालं. २००९ मध्ये तिसरी फेरी, ७७ कोटी ७० लाख डॉलरची. तुम्ही पाहिलेली सिझरटेल बाग, २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालेली ट्राम आणि नवं अधिवेशन केंद्र त्यातलं. २०१९ ची चौथी फेरी सुमारे ९७ कोटी ८० लाखांची, आणि तिची यादी वाचून मी चकित झालो होतो. मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीला ४ कोटी, बेघरांच्या घरांना ५ कोटी, मुलांच्या केंद्रांना ११ कोटी, बसला ८ कोटी ७० लाख. सुमारे ७२ टक्के लोकांनी बाजूने मत दिलं. कालव्याला ५४ आणि व्यसनमुक्तीला ७२! रिपब्लिकन वळणाच्या राज्यात हे होतं, कारण तोवर यादीतली कामं होतात हे लोकांना माहीत झालं होतं.

इथे एक ब्रेक लावतो. १९९० मध्ये ४ लाख ४४ हजारांच्या घरात असलेली लोकसंख्या २०२० मध्ये ६ लाख ८१ हजार झाली, ती सगळी मॅप्समुळे, असं सांगणारे बरेच भेटतील. मला ते पटत नाही. राज्याची राजधानी इथे आहे, टिंकर हवाई तळावर हजारो नोकऱ्या आहेत, आणि दोन हजारच्या दशकात तेल-वायूवाल्यांची चांदी झाली. डेव्हन कंपनीचा ५० मजली मनोरा २०१२ साली उभा राहिला, आणि त्याच मनोऱ्याच्या वाढीव घरपट्टीतून मध्यवस्तीतल्या १८० एकरांतले रस्ते, फुटपाथ, झाडं नव्याने झाली. घरं तर किनारपट्टीच्या शहरांच्या मानाने स्वस्तच. मॅप्सने गावाला चेहरा दिला. पोट मात्र दुसऱ्या कशावर भरत होतं.

आता तुमच्या लेकीच्या दाराकडे येतो.

पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी इथल्या चेंबर ऑफ कॉमर्सचे कर्तेधर्ते होते स्टॅनली ड्रेपर. त्यांच्या पुढाकाराने शहराने आजूबाजूची जमीन हद्दीत ओढायचा सपाटा लावला. विचार असा, की वाढ कुठेही झाली तरी ती आपल्याच हद्दीत झाली पाहिजे. हद्द झाली ६२० चौरस मैल, म्हणजे सुमारे १,६०० चौरस किलोमीटर. बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या तिपटीहून जास्त. तुमची नाशिक महापालिका सुमारे २६० चौरस किलोमीटरची, आणि २०११ च्या जनगणनेत तिच्यात १४ लाख ८६ हजार माणसं होती. म्हणजे नाशिकच्या सहापट जागेत नाशिकच्या निम्म्याहून कमी माणसं. ट्राम, कालवा, बाग हे सगळं या पसाऱ्यातल्या दोन-चार चौरस मैलांत आहे. लेक बहुधा तिथून वीस-पंचवीस मिनिटांच्या गाडीच्या अंतरावर राहते आणि तरीही त्याच शहरात राहते.

या भागाची जमीन १८८९ च्या, जमिनीचा ताबा मिळवण्याच्या प्रसिद्ध शर्यतीआधीच चौरस मैलांच्या तुकड्यांत मोजून ठेवलेली होती. दर मैलावर एक सरळ रस्ता. त्याला आम्ही सेक्शन लाइन रोड म्हणतो. शेतकऱ्याच्या सोयीचा दोन पदरी रस्ता, दोन्ही बाजूंना पाण्याचा चर. या चराला इथे ‘बार डिच’ म्हणतात. मग एखादा बिल्डर त्या चौरस मैलातली शंभर-दीडशे एकर शेती घेतो. आतले रस्ते तो बांधतो, आम्ही नकाशे काढतो: वळणावळणाच्या गल्ल्या, शेवटी गोल, बाहेर पडायला एक किंवा दोन वाटा. आत फुटपाथ असतोही. पण वसाहतीची वेस आली की तो संपतो, कारण पुढे आहे बार डिच, आणि त्यापलीकडे ताशी ४५ मैलांनी जाणाऱ्या गाड्या. तुम्ही दुधासाठी निघून जिथे थबकलात ना, ती जागा मी न बघता सांगू शकतो. डावीकडे लाकडी कुंपण, उजवीकडे गवताचा उतार, पायाखाली फुटपाथचा शेवटचा काँक्रीटचा चौकोन, आणि त्याच्या पुढे काही नाही.

माझ्या पहिल्या काही नोकऱ्यांपैकी एका ठिकाणी मी नकाशात वसाहतीच्या मागच्या कुंपणातून शेजारच्या किराणा दुकानाकडे जायला दहा फुटांची पायवाट दाखवली होती. साहेबांनी लाल पेन्सिलने ती खोडली. ‘मागच्या बाजूने माणसं यायला लागली तर घरांचे भाव पडतील, गिऱ्हाईक विचारेल.’ दुकान कुंपणापासून दोनशे फुटांवर होतं. आज तिथली माणसं दीड मैल गाडी चालवून त्या दुकानात जातात.

गंमत म्हणजे पालिकेलाही याचा राग येत नाही, कारण पुन्हा तोच विक्रीकर. घरातून पालिकेला रोजच्या खर्चाला थेट काही मिळत नाही, दुकानातून मिळतं. शेजारची एडमंड, मूर, नॉर्मन, युकॉन ही गावंही त्याच करावर जगतात. त्यामुळे मोठं दुकान आपल्या हद्दीत यावं म्हणून सगळ्यांची चढाओढ. दुकानाला हवा मोठा चौक आणि ऐसपैस पार्किंग. शाळांचा प्रश्न त्यात भर घालतो. शहराच्या हद्दीत वीसहून अधिक शाळा-जिल्हे आहेत, म्हणजे घर कुठे आहे त्यावरून मुलांची शाळा ठरवणारे वेगवेगळे विभाग. लोक ओक्लाहोमा सिटीत घर घेतात, पण एडमंडच्या किंवा डीअर क्रीकच्या शाळा-जिल्ह्यात बसणारं. म्हणून वाढ कडेकडेनेच होत राहते.

बांधताना रस्ता फुकट वाटतो, बिल्डर देतो म्हणून. वीस वर्षांनी डांबर फाटतं तेव्हा तो पालिकेचा असतो. २०१७ मध्ये ते ओझं इतकं झालं, की मॅप्सची तिसरी फेरी संपताच तोच एक टक्का २७ महिने मुख्यतः रस्ते दुरुस्तीसाठी मागावा लागला, जोडीला ९६ कोटी ७० लाखांचे कर्जरोखे. लोकांनी दिलं तेही. पण एवढ्या पसरलेल्या गावात दोन-चार वर्षांच्या डांबराने काय होणार? समुद्रात खसखस.

स्टेडियमबद्दल विचारलं नाहीत, पण सांगतोच. जुनं क्रीडागृह ८ कोटी ९० लाखांत झालं होतं, साधंच. २००८ मध्ये सिॲटलचा बास्केटबॉल संघ इथे आला, २०२५ मध्ये त्याने विजेतेपद जिंकलं, तेव्हा मीही रस्त्यावर नाचलो. पण २०२३ च्या डिसेंबरात मंजूर झालेलं नवं स्टेडियम किमान ९० कोटींचं आहे, आणि त्यात संघमालकांचा वाटा ५ कोटी. ७१ टक्के लोकांनी सहा वर्षांचा कर आनंदाने स्वीकारला. यादी, तारीख, शिस्त सगळं मॅप्ससारखंच. पण तीस वर्षांत कमावलेला विश्वास एका खासगी संघासाठी वापरला गेला, हे मला खटकतं. एवढ्यात या शहराचे किती मैल फुटपाथ झाले असते, हा हिशेब मी एकदा मांडायला घेतला आणि मध्येच सोडून दिला.

नाशिकचं म्हणाल, तर आधी अडचण सांगतो. ओक्लाहोमा सिटी स्वतःच्या लोकांना विचारून स्वतःचा कर लावू शकते. आपल्याकडे जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, बहुतांश व्यापाऱ्यांसाठी २०१५ च्या ऑगस्टमध्ये गेला, आणि जीएसटीनंतर महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर आहे. ठराविक मुदतीचा कर लोकांसमोर मताला टाकायची सोयच आपल्या कायद्यात नाही. तेव्हा ते सोडा. पण यादी आधी छापणं, पैसा हातात येईल तसंच काम काढणं, आणि एखादं काम संपल्याशिवाय पुढचं जाहीर न करणं, याला कोणाची परवानगी लागत नाही. हद्दीचं मात्र उलट शिका. आपल्याकडे गावं महापालिकेत घ्या अशी मागणी अधूनमधून उठते, तेव्हा पाइपलाइन आणि रस्ता किती लांब जाणार आणि दर किलोमीटरला किती घरं लागणार, एवढं विचारा. नाशिककडे दाटी आहे, आणि फुटपाथ परवडण्यासाठी दाटीच लागते. इथे आम्ही ती घालवून बसलोय.

लेकीला सांगा, शहराच्या आठ वॉर्डांपैकी आपला कोणता ते शोधून त्या सदस्याला लिही. चौथ्या फेरीत फुटपाथ, सायकलवाटा, पायवाटा आणि रस्त्यावरचे दिवे मिळून ८ कोटी ७० लाख आहेत, त्यात शाळेजवळचा किंवा बसथांब्याजवळचा तुकडा असेल तर आशा धरायला जागा आहे. नुसता सेक्शन लाइन रोड असेल, तर तो चार पदरी होईपर्यंत तो चर बुजायचा नाही, आणि ते काम कर्जरोख्यांच्या यादीत लागावं लागतं. तोवर दूध गाडीनेच. आणि तुम्ही पुन्हा याल तेव्हा सकाळचं फिरणं वसाहतीच्या आत, तळ्याभोवती करा. त्या तळ्यांभोवती हल्ली आम्ही वाट काढतो, लाल पेन्सिलवाले साहेब निवृत्त झालेत.